पोळ्याआधीचं तेल

गाडीतलं तेल कधी बदलावं, यावर अकोल्याच्या वाशीम बायपासवर जितकी माणसं तितकी मतं आहेत. मी स्वतः तेल विकते, त्यामुळे माझं मत कुणी धरत नाही. मी म्हटलं आता बदला, तर लोकांना वाटतं बाई आपला डबा खपवतेय. मी म्हटलं अजून चालेल, तर वाटतं हिच्याकडचा माल संपला. बाबांच्या मागे हे दुकान मी हातात घेतलं तेव्हा तेलाच्या दुकानात बाई कशी दिसते, हे बघायला येणारे पुष्कळ होते. ते आता येत नाहीत, कारण माझं तोंड चांगलं नाही. शालिकरामकाका मात्र तेव्हाही येत होते आणि आताही येतात. तेलाच्या बाबतीत त्यांच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकांची टोचनगाडी आहे. रस्त्यात कुणाचा ट्रक बंद पडला, कुणाची बस नालीत उतरली की त्यांना फोन जातो, आणि ते आपल्या जुन्या ट्रकमागे ते धूड बांधून ओढत आणतात. ट्रकच्या पाठीवर लोखंडी क्रेन आहे, तिला साखळ्या आहेत, आणि समोर काचेवर 'सावकाश' एवढाच एक शब्द रंगवलेला आहे. बोलण्यातही काका तसेच. मागच्या गाडीत जो स्टिअरिंगवर बसेल त्याला ते निघताना एकदाच सांगतात की रस्ता बघू नको, माझा लाल दिवा बघ. त्यानंतर शंभर किलोमीटर गेलं तरी तोंडातून शब्द नाही. माणिककाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात की आमच्या लग्नात हे बोहल्यावर जेवढं बोलले तेवढंच अजून पुरवून पुरवून वापरताहेत.

एकदा मोर्शीच्या पुढे संत्र्याचा ट्रक उलटला होता. काका क्रेन घेऊन पोचले तेव्हा सगळा गाव पिशव्या, टोपल्या घेऊन रस्त्यावर संत्री वेचत होता. काकांनी कुणाला अडवलं नाही. त्यांनी फक्त विचारलं की डायवर कुठी हाये. कुणीच पाहिलं नव्हतं. तो बिचारा शेताच्या बांधापलीकडे हात मोडून बसला होता. काकांनी आधी त्याला मोर्शीच्या दवाखान्यात पोचवलं आणि मग येऊन ट्रक उचलला. तोवर संत्री संपली होती. ट्रकमालक चिडला, तर काका म्हणाले, दवाखान्यात जा, तिथं बोलू. ही गोष्ट मला त्यांनी सांगितलेली नाही, दुसऱ्यांकडून कळली.

मूळचे ते दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. वडिलांची बैलजोडी होती आणि ती कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याच्या जिनिंगला यायची. वडील गेले, बैल विकले, काका आधी क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि पुढं कधीतरी हा ट्रक जुनाच घेऊन त्यावर क्रेन चढवली. त्या वर्षी पोळा आला आणि घरी बैल नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलाची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेले खांदे लोणी-हळदीनं मळायचे, पळसाच्या पानानं शेकायचे, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. काकांना त्या दिवशी घरात बसवेना म्हणून ते गाडी घेऊन नबीचाचांच्या गॅरेजवर गेले आणि म्हणाले, तेल बदल.

नबीचाचांचं गॅरेज माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडं, निंबाच्या झाडाखाली. चाचा बाळापूरचे, त्यांच्या वडिलांचीही शेती आणि बैल होते, त्यामुळं काकांच्या मनातलं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी तेल बदललं, फिल्टर बदलला, क्रेनच्या चाकांना पळसाच्या पानानं ग्रीस लावलं आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीला रीतसर आवतण दिलं. दोघं मनापासून हसले म्हणे. पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दुकानात येऊ लागले तोवर तो नियम होऊन बसला होता. टोचनगाडीचं तेल गुढीपाडव्याला एकदा आणि खांदशेकणीला एकदा, आणि बदलणार नबीचाचाच. पोळ्याच्या दिवशी गाडी हलायची नाही. गळ्यात घुंगरमाळ, आरशांना गोंडे, बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य, आणि घरात चाचांचं पान. रस्त्यावर कुणाची गाडी पडली असेल तर त्यानं उद्या फोन करावा.

नबीचाचांची आणखी एक सवय सांगायला हवी. काम झालं की ते नटावर आणि फिल्टरवर एक आडवी रेघ ओढतात, अर्धी फिल्टरवर आणि अर्धी इंजिनवर. रेघ सरळ दिसली म्हणजे काही हललेलं नाही, मोडलेली दिसली म्हणजे काहीतरी फिरलं. पूर्वी ते यासाठी रंगाची डबी ठेवत. अलीकडं त्यांची नात मिस्बाह आपली सुकत आलेली नेलपॉलिशची बाटली त्यांना देते. त्यामुळं टोचनगाडीच्या पोटाला दोन गुलाबी रेघा असतात. मी यावरून चाचांना फार चिडवलं आहे.

आता मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी मनोजच्या टेम्पोचं झालं. मनोज म्हणजे भाजीचा टेम्पो चालवणारा, शेजारच्याच वस्तीतला. त्यानं चाचांकडून तेल बदलून घेतलं आणि बार्शीटाकळीच्या पुढं जाता जाता चेंबरचा नट निघाला. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम. चाचा म्हणत राहिले की खाली दगड लागला असेल, माझ्या हातचा नट निघत नाही. मनोज भांडला नाही. तो फक्त यायचा बंद झाला, आणि त्याचं बघून बाकीचेही. खरं सांगायचं तर चाचा विसरू लागले होते. पाना हातात असताना पाना शोधायचे. माझ्याकडून नटाखालचा एकच वायसर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा न्यायचे. दिवाळीपर्यंत त्यांच्या गॅरेजला गिऱ्हाईक उरलं ते एक टोचनगाडी. तरी ते रोज सकाळी शटर उघडायचे, झाडायचे, पाने ओळीनं मांडायचे आणि खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचे. समोर बसून ते बघणं मला फार जड जायचं, आणि मला जड गेलं की माझा आवाज चढतो, म्हणून मी गिऱ्हाइकांवर ओरडायचे.

यंदा पोळ्याच्या थोडं आधी काकांना लांबचं टोचन आलं. इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या बसचा गिअरबॉक्स गेला होता आणि ती हैदराबादला न्यायची होती. वाशीम, हिंगोली, नांदेड आणि पुढं. पावसाळ्याचे खराब रस्ते, मागं आख्खी बस, आणि पोळ्याच्या आत परत यायचं. गाडीतलं तेल पाडव्याचं. ते कधी बदलायचं, यावर माझ्या दुकानासमोर चहा पिताना तिघांची तीन मतं पडली.

मी म्हटलं, जाऊन या आणि मग बदला. जुन्या तेलात अजून दम आहे, ओढण्याच्या कामात तेल तापून खराब होणारच, मग नवं कशाला जाळता. आल्यावर खांदशेकणीला बदला, म्हणजे रीतही राहील. चाचा म्हणाले, नाही, निघायच्या दिवशी सकाळी बदलू. ताजं तेल घालून इथूनच थेट रस्त्याला लाग. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, आज बदलाचं.

निघायला अजून चार-पाच दिवस होते. चाचांना ते रुचलं नाही. आवतणाच्या आधीच जेवण वाढतो काय, असं ते म्हणाले, आणि तेल चार दिवस गावात फिरवून शिळं करायचं कारण त्यांना कळेना. मलाही कळेना. काका हट्टी आहेत, पण वेडे नाहीत. इतकी वर्षं पोळ्याची वेळ न चुकवणारा माणूस लांबच्या रस्त्याआधी भलत्याच दिवशी तेल का बदलून घेतो, हे माझ्या डोक्यात बसेना. काका उठले. गाडी निंबाखाली लावली आणि चाचा गोणपाट घेऊन खाली गेले. दुपारपर्यंत काम झालं, गुलाबी रेघा ओढून झाल्या, चाचांनी हात पुसत माझ्याकडं बघून मान हलवली. त्या दिवशी ते पंधरा वर्षांनी लहान दिसत होते.

संध्याकाळी काका पुन्हा माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, एक फिल्टर दे, एक वायसर दे आणि लिटरभर तेल दे.

मी विचारलं, सकाळीच तर नेला. त्यांनी पैसे काढून समोर ठेवले. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, असू दे जवळ. मी सामान दिलं, पण मला राग आला. माझ्याशी लपवाछपवी कुणी केली की मला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर रोडला एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी ग्रीसचा डबा पोचवायला मी स्कूटीवर चालले होते. तिथं एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या मोडक्या फाटकाआत मला टोचनगाडीची क्रेन दिसली. मी स्कूटी आत वळवली. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, काकांचे.

मी सावलीत उभी राहिले. थोड्या वेळानं काका सरकत बाहेर आले. हात काळे, कपाळावर तेल, आणि करंगळीत एक काळी रबरी रिंग अडकवलेली. मला बघून ते दचकले नाहीत. रिंग माझ्यासमोर धरून म्हणाले,

"दोन होत्या."

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, पण मी तोच माल विकते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. ती खरवडून काढायची असते. ती तशीच ठेवून वर नवा फिल्टर आवळला, तर एकावर एक दोन रिंगा होतात. उभ्या गाडीत थेंब गळत नाही. गावात फिरलं तरी बहुतेक वेळा गळत नाही. पण मागं ओझं असलं, चढ लागला, तेल तापून जोर करू लागलं की वरची रिंग बाहेर ढकलली जाते आणि सगळं तेल बघता बघता रस्त्यावर येतं. बस मागं, पाऊस वरून, आणि इंजिन जाम. चाचांच्या सल्ल्यानं निघायच्या सकाळी तेल बदलून काका थेट रस्त्याला लागले असते, तर काय झालं असतं, ते मला त्या रिंगेत स्पष्ट दिसलं.

मग मी जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. सार असं, की ही दोस्ती आहे की सर्कस. तुमचा जीव काय रस्त्यावर पडलाय का. बायपासवर दहा मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं जा, नाही तर चाचांना समोर बसवून सांगा की आता तुमच्यानं होत नाही. काकांनी ती रिंग पुसली, खिशात टाकली आणि मग बोलले. त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सांगून काय होईन, पोरी? थो आजच पाना खाली ठेवीन. मंग उद्या सकाळी उठून कुठी जाईन थो? त्याले एक गाडी राह्यली. म्हणून तं आधी बदलून घेतो. गावात फिरतो, कुठी तरी आडोशाले लावतो, खाली पायतो. जाणं मंग."

मनोजच्या टेम्पोपासून हे चाललं होतं. मागच्या पोळ्यानंतर त्यांनी रिकाम्या गाडीनं पातूरपर्यंत जाऊन पाहिलं, तेव्हा नट नीट होता. पाडव्याला वायसरच घातलेला नव्हता, तो त्यांनी घातला. खांदशेकणीला तेल बदललं की दुसऱ्या दिवशी पोळा, गाडी सगळ्यांसमोर घुंगरमाळ घालून उभी, चाचा दिवसभर शेजारी. तेव्हा खाली शिरायची सोय नसते. आणि यंदा पोळ्याची वाट बघण्याइतका धीर त्यांना नव्हता. जुन्या तेलावर एवढं ओझं एवढ्या लांब न्यायचं नव्हतं. एवढाच हिशोब होता त्यांच्या वेळेचा.

मी ग्रीसच्या डब्यावर बसून राहिले आणि त्यांनी नवा फिल्टर आवळून तेल वरपर्यंत केलं. मग ते माझ्याजवळ आले आणि जरा अडखळत म्हणाले,

"तुह्यापाशी थे नखाले लावाचं लाल हाये काय?"

रेघ. फिल्टर बदलला म्हणजे रेघ गेली. आणि गाडी परत आल्यावर चाचा रेघ बघणारच, ते नियमानं बघतात. माझ्या पर्समध्ये बहिणीच्या लग्नाला घेतलेली बाटली होती, पण ती गर्द मरून. मी सांगितलं की काका, मिस्बाहची गुलाबी आहे, ही मरून आहे. ते म्हणाले, लाल तं लाल, तेलात सारं काळंच होते. बासष्ट वर्षांचा माणूस माझी नेलपॉलिश घेऊन ट्रकखाली शिरला आणि मी तिथं एकटी खूप हसले. हसता हसता डोळे भरून आले, तेही सांगून टाकते.

ठरल्या दिवशी पहाटे काका बस बांधून निघाले. चाचा निरोपाला आले होते. निघण्याआधी त्यांनी टायर ठोकले, साखळ्या ओढून पाहिल्या, आणि माह्या हातचं तेल हाये, बिनघोर जा, असं म्हणाले. काकांनी मान हलवली.

गाडी गेल्यावर चाचांनी आपलं गॅरेज उघडलं, पण ते तिथं बसले नाहीत. खुर्ची उचलून माझ्या दुकानात आले. फोन आला काय, असं मला विचारायचे. नाही म्हटलं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. आधीचं विचारलेलं विसरून विचारताहेत की काळजीनं, ते मला कळत नव्हतं. त्यांची बायको आमिनाचाची डबा घेऊन आल्या, तो त्यांनी तसाच ठेवला. उजव्या हाताचा अंगठा ते सारखा बोटांवर चोळत होते, नट आवळल्याचं आठवून बघत असावेत तसा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला आपल्या हाताचा भरवसा उरलेला नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे. मला दोघांचाही राग आला. एक लपवून दमतोय आणि दुसरा भिऊन दमतोय, आणि मध्ये मी, जिला धड खोटं बोलता येत नाही.

दुपारनंतर काकांचा फोन आला तो माझ्या नाही, चाचांच्या मोबाइलवर. नांदेडच्या अलीकडं थांबले होते. खाली कोरडं हाये, एवढंच म्हणाले आणि ठेवला. चाचा ताठ बसले. डबा उघडून जेवले. मला म्हणाले, पायलं काय, माह्या हातचं हाये. मी हो म्हटलं आणि आत जाऊन उगाच डबे मोजू लागले.

काका पोळ्याच्या आत परत आले. बस पोचवली, गाडीनं कुठं कुरकूर केली नाही. खांदशेकणीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांनी गाडी धुऊन निंबाखाली लावली. तेल बदलायचं नव्हतं, पण रीत मोडायची नव्हती. काकूंनी हळद-लोणी दिलं होतं, ग्रीसचा डबा माझ्याकडचा, आणि पळसाची पानं काकांनी येतानाच रस्त्यातून आणली होती. मी दुकानावर फळी टाकून रस्ता ओलांडून गेले. दरवर्षी जाते.

चाचांनी गोणपाट टाकला आणि खाली गेले. रेघा बघायला. नेहमी ते दोन मिनिटांत बाहेर येतात. या वेळी आले नाहीत. काका गाडीच्या चाकाकडं बघत उभे होते, मी काकांकडं.

बाहेर आले ते सावकाश. बसूनच त्यांनी चिंधीनं एकेक बोट पुसलं. मग वर पाहिलं, आणि काकांकडं नाही, माझ्या हाताकडं पाहिलं. माझ्या नखांवर लग्नाचं मरून अजून अर्धं अर्धं शिल्लक होतं. मी हात ओढणीखाली घेतले, पण उशीर झाला होता. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, पाने फेकेल, किंवा रडेल. मनातून मी आम्हा दोघांच्या वतीनं माफी मागून ठेवली होती.

चाचांनी खिशातून तो मोठा पाना काढला, चेंबरच्या नटाचा, मुठीजवळ झिजून गुळगुळीत झालेला. तो काकांपुढं धरला.

"शालिक, हा आता तुह्यापाशी ठेव."

काका म्हणाले, "कावून?"

"तूच तं खाली जाऊन राह्यला," चाचा म्हणाले. मग निंबाकडं बघत म्हणाले, "मनोजच्या टेम्पोले दगड-बिगड काही लागला नव्हता. माह्याच हातून ढिला राह्यला नट."

हे त्यांनी याआधी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. आमिनाचाचींजवळही नाही. काकांनी पाना घेतला नाही. दोघं तसेच, एक बसलेला आणि एक उभा, मध्ये पाना. शेवटी चाचाच म्हणाले की हात अवघडला, घे. आणि काकांनी घेतला.

"खालचं तू पाय. वरचं मी पायतो," चाचा म्हणाले. "आवतण मातर मीच देईन."

काकांनी शर्ट काढून निंबाला अडकवला आणि ग्रीस घेऊन ते खाली सरकले. चाचांनी वर चढून पळसाच्या पानानं क्रेनच्या चाकांना ग्रीस लावलं. मी त्यांना पान नीट धरून दिलं. काम त्यांनी मन लावून केलं, एकही चाक सोडलं नाही. मग उतरून समोर गेले. बॉनेटला हळद-लोण्याची दोन बोटं ओढली, हात त्यावर ठेवला, आणि दरवर्षीसारखं जरा मोठ्यानं म्हणाले,

"आज आवतण घे..."

आणि थांबले.

ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. इतक्या वर्षांचा, लहान पोराला पाठ असणारा शब्द. हात बॉनेटवरच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या बघण्यात जी भीती होती ती मी विसरणार नाही. पाना त्यांनी स्वतः दिला होता. हे मात्र त्यांच्याकडून कुणीतरी नकळत काढून नेत होतं. मला तो शब्द येत होता, मी सांगायला पुढं सरकले.

गाडीखालून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा, जणू रोजचंच काही सांगताहेत.

"उद्या जेवाले ये."

चाचांनी श्वास सोडला. बॉनेटवर दोनदा थोपटलं.

"हां, थेच," ते म्हणाले. मग खाली वाकून म्हणाले, "तू खालूनच बोल, शालिक. इंजिनाले जवळून आयकू येते."

काका हसल्याचं खालून ऐकू आलं. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, एकेक शब्द वेगळा करून, आणि चाचा बॉनेटवर हात ठेवून त्यांच्यामागून म्हणत गेले. आज. आवतण घे. उद्या. जेवाले ये.